प्रिंटएफच्या चुकीचा माग

संख्या मेमरीत बिटांच्या रूपात असते. ती माणसाला वाचता यावी म्हणून तिचे अंक करावे लागतात, डावीकडे जागा सोडावी लागते, दशांशापुढे किती घरे ते ठरवावे लागते. त्यासाठी मजकुराचा एक साचा लिहायचा आणि त्यात मूल्ये भरायची, ही पद्धत सी भाषेपेक्षा जुनी आहे. आयबीएम ७०४ या संगणकासाठी १९५७ मध्ये आलेल्या फोरट्रानमध्ये त्यासाठी ‘फॉरमॅट’ हे स्वतंत्र विधान होते. मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल भाषेत ‘राइटएफ’ आले आणि केन थॉम्पसन यांच्या बी भाषेत ‘प्रिंटएफ’. १९७० च्या दशकाच्या आरंभी न्यू जर्सीतील मरे हिलच्या बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी बी भाषेतून सी घडवली आणि प्रिंटएफ तिच्यासोबत आले.

फोरट्रानचे फॉरमॅट हे भाषेचेच अंग होते. सीमधले प्रिंटएफ हे लायब्ररीतले एक साधे फंक्शन आहे. त्याला मिळते एक फॉरमॅट स्ट्रिंग आणि तिच्यामागून आलेली काही मूल्ये. स्ट्रिंगमध्ये %डी दिसले की ते पुढच्या जागेवरून एक पूर्णांक उचलते. %एस दिसले की त्याच जागेवरचे मूल्य पत्ता समजून त्या पत्त्यापासून शून्य बाइट येईपर्यंत वाचत सुटते. तिथे खरोखर पत्ता आहे का, हे तपासण्याचे साधन त्याच्याकडे नाही. पडद्याऐवजी मेमरीतल्या ॲरेत मजकूर लिहिणाऱ्या एसप्रिंटएफमध्ये आणखी एक गोष्ट प्रोग्रॅमरच्या शब्दावर सोडलेली आहे: ॲरेत पुरेशी जागा आहे. मजकूर लिहितानाच्या मेमरीच्या बहुतेक चुका या दोन विश्वासांतून उगवल्या. चूक एका ओळीत होते आणि प्रोग्रॅम भलत्याच ओळीत कोसळतो. डीबगिंगच्या साधनांनी गेली पन्नासेक वर्षे हेच अंतर कमी करत आणले आहे.

बेल लॅब्समध्ये माइक लेस्क यांनी वेगवेगळ्या संगणकांवर चालेल अशी इनपुट-आउटपुट लायब्ररी लिहिली. तिचेच पुढचे रूप १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समधले ‘स्टँडर्ड आयओ’. त्यातले एसप्रिंटएफ जेमतेम काही ओळींचे आहे आणि त्या ओळी मुळातून पाहण्यासारख्या आहेत. ते एक खोटी फाइल तयार करते, तिचा पॉइंटर प्रोग्रॅमरने दिलेल्या ॲरेकडे वळवते आणि छपाईचे नेहमीचे यंत्र चालू करते. प्रत्येक फाइलच्या नोंदीत ‘बफरमध्ये अजून किती जागा उरली’ हे सांगणारा एक आकडा असतो. एसप्रिंटएफ त्यात ३२७६७ भरते, म्हणजे १६ बिटांत मावणारी सर्वांत मोठी धन संख्या. हद्द मोजण्याची सोय यंत्रात आधीपासून होती. तिच्यात भरायचा खरा आकडा प्रोग्रॅमरकडून मागितलाच गेला नाही. ब्रायन कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात लक्ष्य पुरेसे मोठे असायला हवे, अशी सूचना आहे. बंदोबस्त तेवढाच होता.

‘पुरेसे मोठे’ म्हणजे किती, हे यंत्र बदलले की बदलत गेले. पीडीपी-११ या संगणकावर पूर्णांक १६ बिटांचा होता. सर्वांत लांब मजकूर ‘-३२७६८’ हा सहा अक्षरांचा, म्हणून शेवटच्या शून्य बाइटसह सात बाइट पुरत. तोच प्रोग्रॅम ३२ बिटांच्या व्हॅक्सवर नेला की बारा बाइट लागत, आणि ६४ बिटांच्या संख्येला एकवीस. अपूर्णांकांचा पसारा याहून मोठा. आजच्या डबल प्रकारातली सर्वांत मोठी संख्या %एफने लिहिली तर दशांशचिन्हाआधी ३०९ अंक येतात. चिन्ह आणि पुढची सहा घरे धरून ३१६ अक्षरे. एवढी मोठी रक्कम कुणी छापत नाही हे खरे. पण मेमरीतले मूल्य आधीच बिघडलेले असेल तर नेमके असेच आकडे समोर येतात आणि पहिल्या चुकीवर दुसरी चढते.

खुद्द सीच्या प्रमाणग्रंथातही असा एक ॲरे आहे. तारीख मजकुरात लिहून देणारे ‘ॲसटाइम’ हे फंक्शन कसे चालावे, हे १९८९ च्या अमेरिकी प्रमाणाने कोड देऊनच सांगितले. त्यात २६ बाइटांचा एक स्थिर ॲरे आहे आणि त्यात एसप्रिंटएफने वार, महिना, दिनांक, वेळ आणि वर्ष लिहिले जाते. वार ३, महिना ३, दिनांक २, वेळ ८, वर्ष ४, मधल्या मोकळ्या जागा ४, नवी ओळ १ आणि शून्य बाइट १, मिळून बरोबर २६. वर्ष पाच अंकी झाले की सत्ताविसावा बाइट ॲरेच्या बाहेर पडतो. वर्षाचे मूल्य ज्या जागेतून येते ती साधी पूर्णांकाची जागा आहे. तिथे चुकून कचरा आला तर वर्ष दहा अंकीही होऊ शकते. २०११ च्या प्रमाणाने वर्ष चार अंकांपलीकडे गेल्यास काय होईल याची हमी काढून घेतली, आणि कोड तसाच ठेवला.

दुसरा विश्वास, मूल्यांच्या प्रकाराचा, पीडीपी-११ वरच ठेचकाळत होता. तिथे ‘लाँग’ संख्या स्टॅकवर दोन शब्द घेई, वरचा अर्धा आधी. एखाद्याने लाँगसाठी %डी लिहिले आणि पुढे नावासाठी %एस, तर %डी वरचा अर्धा उचले. संख्या लहान असली की शून्य छापले जाई. उरलेला अर्धा %एसच्या वाट्याला येई आणि तो पत्ता म्हणून वाचला जाई. चूक संख्येची, कोसळणे नावापाशी. व्हॅक्सवर इंट आणि लाँग दोन्ही ३२ बिटांचे असल्याने हीच चूक बिनबोभाट खपून गेली आणि पुढच्या यंत्रावर जाईपर्यंत दबा धरून राहिली.

प्रोग्रॅमने आपल्या नसलेल्या मेमरीला हात लावला की युनिक्स त्याला दहाव्या किंवा अकराव्या क्रमांकाचा सिग्नल देई: बस एरर किंवा सेगमेंटेशन व्हायोलेशन. प्रोग्रॅम मरे आणि त्याची संपूर्ण मेमरी ‘कोअर’ नावाच्या फाइलमध्ये ओतली जाई. नाव त्या काळच्या चुंबकी कड्यांच्या मेमरीवरून पडले. सातव्या युनिक्सबरोबर स्टीव्ह बोर्न यांचा ‘एडीबी’ हा डीबगर आला. तो कोअर उघडून कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्याची साखळी दाखवी. पुढे बर्कलेमध्ये ‘डीबीएक्स’ आले आणि १९८६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांचे ‘जीडीबी’, जे आजही रोज वापरले जाते.

मात्र ही साखळी स्टॅकवरच लिहिलेली असते आणि हद्द ओलांडणारा मजकूर नेमका तीच पुसतो. अशा वेळी अनुभवी माणूस पत्त्यांकडे मजकूर म्हणून पाहतो. परतीचा पत्ता हेक्साडेसिमलमध्ये ४१४१४१४१ असा दिसला तर तो पत्ता नव्हे, ती चार रोमन ‘ए’ अक्षरे आहेत. ३० ते ३९ यांच्यामधले बाइट दिसले तर कुणीतरी संख्येचे अंक तिथवर लिहीत आले आहे. बाइटांतून शब्द ओळखू आला की तो शब्द कोडमध्ये कुठल्या फॉरमॅट स्ट्रिंगमध्ये आहे हे शोधायचे, आणि बहुधा दोषी ओळ सापडते. कुठलेही साधन हाताशी नसताना उपयोगी पडणारी ही युक्ती आजही शिकण्यासारखी आहे.

याउलट, कोडमध्ये जागोजाग प्रिंटएफ पेरून चूक शोधण्याची सवय इथे अनेकदा फसवते. आउटपुट फाइलकडे किंवा पाइपकडे वळवलेले असेल तर छापलेला मजकूर आधी बफरमध्ये साठतो. प्रोग्रॅम अचानक मेला की तो साठा त्याच्याबरोबर जातो, आणि शेवटची दिसणारी ओळ खऱ्या अपघाताच्या कितीतरी आधीची निघते. म्हणून अशा खुणा बफर नसलेल्या ‘एसटीडीईआरआर’कडे पाठवाव्या लागतात. शिवाय नवीन प्रिंटएफ घातले की स्टॅकची मांडणी हलते; जास्तीचा बाइट कुठल्यातरी निरुपद्रवी जागी पडतो आणि चूक नाहीशी झाल्यासारखी वाटते.

काही यंत्रांनी चुका पोसल्या. व्हॅक्सवरच्या बर्कले युनिक्समध्ये शून्य पत्ता वाचता येई आणि तिथे शून्यच असे, त्यामुळे रिकामा पॉइंटर %एसला दिला तरी रिकामा शब्द छापला जाई. हे प्रोग्रॅम सनच्या वर्कस्टेशनवर गेले आणि पटापट कोसळू लागले. अशीच एक सवलत आज ग्लिबसी या लायब्ररीत आहे: रिकाम्या पॉइंटरच्या जागी ती कंसात ‘नल’ असे छापते. पण फॉरमॅट स्ट्रिंगमध्ये फक्त %एस आणि नवी ओळ असेल तर जीसीसी कंपायलर प्रिंटएफ काढून त्या जागी ‘पुट्स’ घालतो, आणि पुट्सला ती सवलत नाही. मग दुसऱ्या ठिकाणी निमूट चालणारा रिकामा पॉइंटर या एका ओळीत प्रोग्रॅम पाडतो आणि कोअरमध्ये सापडते पुट्स, जे कोडमध्ये कुणी लिहिलेलेच नाही.

डॉसवर तर मेमरीला पहाराच नव्हता. बोरलँडचे टर्बो सी १९८७ मध्ये आले. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतले टर्बो सी, एवढ्या शिदोरीवर महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या कितीतरी तुकड्या ही भाषा शिकल्या. ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ हा संदेश त्या सर्वांच्या ओळखीचा. त्यामागची यंत्रणा मोठी कल्पक होती. लहान मेमरी मॉडेलमध्ये शून्य पत्ता म्हणजे डेटा सेगमेंटचा आरंभ. तिथे बोरलँडने आपल्या स्वामित्वहक्काचा मजकूर ठेवला होता. प्रोग्रॅम संपताना तो मजकूर बदलला आहे का ते तपासले जाई, आणि बदलला असेल तर हा संदेश येई. कुठल्या ओळीने बदलला हे कळण्याची सोय नव्हती. काम उरकल्यावर, निरोपाच्या क्षणी एवढेच कळे की मध्ये कुठेतरी चूक झाली. चूक आणि तिची खबर यांच्यात याहून लांबचे अंतर क्वचितच असेल. हद्दीबाहेरचे लेखन आणखी नाजूक जागी पडले तर संगणकच गोठे आणि रिसेटचे बटण दाबावे लागे.

प्रोग्रॅम चालवण्याआधीच चूक पकडण्याचे प्रयत्नही जुने आहेत. बेल लॅब्समधल्या स्टीफन जॉन्सन यांचे ‘लिंट’ १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातले. फंक्शनला दिलेली आणि त्याने मागितलेली मूल्ये जुळतात का, हे ते पाही. प्रिंटएफसारख्या अनिश्चित मूल्यांच्या फंक्शनपुढे मात्र ‘व्हारार्ग्ज’ अशी टीप लिहून त्याला गप्प करावे लागे. १९८९ च्या प्रमाणाने प्रोटोटाइप आणले, पण फॉरमॅट स्ट्रिंगनंतरची मूल्ये त्यांच्या कक्षेबाहेर राहिली. जीसीसीने फॉरमॅट स्ट्रिंगच वाचून तिच्याशी मूल्ये ताडून पाहायला सुरुवात केली तेव्हा पीडीपी-११ च्या काळापासूनची लाँग आणि %डीची गफलत कंपाइल करतानाच दिसू लागली. सीच्या इतिहासात इतक्या कमी कष्टात इतका लाभ देणारी सुधारणा दुसरी दाखवणे कठीण.

मेमरीची हद्द ही केवळ प्रोग्रॅम कोसळण्याची बाब नाही, हे २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री सगळ्यांना कळले. रॉबर्ट मॉरिस यांच्या वर्मने व्हॅक्स यंत्रांवरच्या फिंगर सेवेला ५३६ बाइट पाठवले. ते घेणारे ‘गेट्स’ फंक्शन ५१२ बाइटांच्या ॲरेत लिहीत होते आणि एसप्रिंटएफप्रमाणेच हद्द विचारत नव्हते. जास्तीच्या बाइटांनी परतीचा पत्ता बदलला आणि परक्याचा कोड चालू झाला.

त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात बार्टन मिलर यांच्यापुढे वेगळाच प्रश्न आला. वादळी रात्री टेलिफोनच्या तारेवरून काम करताना खरखरीमुळे भलतीच अक्षरे घुसत आणि युनिक्सचे रोजचे प्रोग्रॅम पडत. त्यांनी विद्यार्थ्यांकरवी मुद्दाम अशी अक्षरे पाठवून पाहिली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तपासलेल्या प्रोग्रॅमांपैकी चौथा ते तिसरा हिस्सा कोसळला. त्यातली एक घटना पुढच्या दशकाची चाहूल देणारी होती. सी-शेलकडे आधीच्या आज्ञांच्या यादीत न सापडणारी आज्ञा पुन्हा मागितली की तो तीच आज्ञा चुकीच्या संदेशात घालून छापी, आणि ती स्ट्रिंग थेट फॉरमॅट म्हणून वापरली जाई. आज्ञेत टक्क्याचे चिन्ह असले की प्रिंटएफ नसलेली मूल्ये शोधू लागे.

या चुकीत हल्लेखोराला काय सापडू शकते, हे १९९९-२००० मध्ये उघड झाले. %एन हे रूप छापत नाही. आतापर्यंत किती अक्षरे लिहिली तो आकडा दिलेल्या पत्त्यावर नोंदवते. बाहेरच्या माणसाची स्ट्रिंग फॉरमॅट म्हणून वापरली तर त्याला मेमरीत मनासारखा आकडा लिहिता येतो. २००० मध्ये डब्ल्यूयू-एफटीपीडी या लोकप्रिय सर्व्हरवर हाच मार्ग वापरला गेला. पुढे २०१२ मध्ये युनिक्सवरच्या सुडो या आज्ञेत अशी चूक सापडली तीही त्याच्या डीबग संदेश छापणाऱ्या फंक्शनमध्ये, आणि २०२१ मध्ये टक्क्याची चिन्हे असलेल्या वाय-फाय नावाला जोडल्यावर आयफोनचे वाय-फाय बंद पडू लागले. दुरुस्ती मात्र सदैव एकच: बाहेरचा मजकूर फॉरमॅटच्या जागी न देता %एससाठी मूल्य म्हणून द्यायचा.

चूक होते त्याच क्षणी पकडणारी साधने १९८० च्या दशकाच्या अखेरीस येऊ लागली. ब्रूस पेरेन्स यांनी पिक्सारमध्ये असताना १९८७ मध्ये ‘इलेक्ट्रिक फेन्स’ लिहिले. मागितलेली मेमरी ते पानाच्या अगदी शेवटाला ठेवी आणि पुढचे पान हात लावण्यास बंद करी. एक बाइट पुढे गेला की प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबे. रीड हेस्टिंग्ज आणि बॉब जॉइस यांच्या ‘प्युरिफाय’ने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्येक बाइटची अवस्था नोंदवायला सुरुवात केली. ज्युलियन सीवर्ड यांचे व्हॅलग्राइंड २००२ मध्ये मोफत मिळू लागले. ते पुन्हा कंपाइल न करता चालते, पण प्रोग्रॅम वीसेक पटींनी मंदावतो आणि स्टॅकवरच्या ॲरेची हद्द त्याला कळत नाही. एसप्रिंटएफच्या चुका बहुधा स्टॅकवरच होत असल्याने ही उणीव मोठी होती.

गुगलमध्ये तयार झालेल्या ॲड्रेससॅनिटायझरने २०१२ मध्ये ती भरून काढली. कंपायलर प्रत्येक ॲरेच्या दोन्ही बाजूंना निषिद्ध पट्टा ठेवतो आणि मेमरीच्या दर आठ बाइटांसाठी एक बाइट नोंदीचा राखतो. ॲसटाइमसारखा २६ बाइटांचा स्थानिक ॲरे घेऊन त्यात पाच अंकी वर्ष लिहिले, तर तो सांगतो: २७ बाइटांचे लेखन, कुठल्या ओळीत, कोणत्या नावाच्या ॲरेपलीकडे. एडीबीच्या काळात दिवसभर चालणारा शोध इथे एका वाचनात संपतो.

एसप्रिंटएफला हद्द सांगणारे एसएनप्रिंटएफ ४.४ बीएसडीमधून १९९९ च्या प्रमाणात आले. ३२७६७ च्या जागी खरा आकडा भरायचा, एवढाच मूळ फरक. पण मजकूर मावला नाही तर काय परत करायचे यावर एकमत नव्हते. जुनी ग्लिबसी उणे एक देई. प्रमाणाने पूर्ण मजकुराला लागणारी लांबी द्यायला सांगितले. मायक्रोसॉफ्टचे तशाच नावाचे फंक्शन जागा भरली की शून्य बाइटच लिहीत नसे. प्रमाणाबरहुकूम रूप व्हिज्युअल स्टुडिओमध्ये २०१५ साली आले. या परत आलेल्या आकड्यातून एक नवी चूक जन्मली. तुकड्या-तुकड्याने मजकूर जोडताना प्रत्येक वेळी तो आकडा जागेत मिळवत गेले आणि मध्ये एखादा तुकडा कापला गेला, तर मोजलेली जागा ॲरेच्या पुढे जाते. उरलेली जागा ऋण व्हायला हवी; पण ती चिन्हविरहित प्रकारात मोजली जात असल्याने प्रचंड धन होते, आणि सुरक्षित म्हणून निवडलेले फंक्शन हद्दीबाहेर लिहू लागते. दर तुकड्यानंतर आकडा तपासणे याला पर्याय नाही.

देवनागरी मजकुरात आणखी एक बाब येते. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या इस्की संकेतात एका चिन्हाला एक बाइट होता, म्हणून ‘महाराष्ट्र’ या दहा चिन्हांच्या शब्दाला शून्य बाइटसह अकरा बाइट पुरत. थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखलेल्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे आहे. त्याच शब्दाला एकतीस लागतात. इस्कीसाठी ऐसपैस वाटणाऱ्या वीस बाइटांच्या ॲरेत एसप्रिंटएफ अकरा बाइट बाहेर सांडते. एसएनप्रिंटएफ एकोणीस बाइट लिहून थांबते: ‘महाराष’ आणि हलंताच्या तीन बाइटांतला पहिला. मेमरी वाचते, पण पुढे वाचणाऱ्या प्रोग्रॅमला अवैध मजकूर मिळतो आणि पडद्यावर प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो. मराठी नावे, पत्ते किंवा गावांच्या याद्या हाताळणाऱ्या कोडमध्ये कापण्याची जागा बाइटांवर न सोडता चिन्हाच्या सीमेवर ठरवावी लागते.

लिनक्सच्या बहुतेक वितरणांमध्ये आज २००४ साली सुरू झालेली ‘फोर्टिफाय सोर्स’ ही तपासणी चालू असते. ॲरेचा आकार कंपायलरला कळत असेल तर एसप्रिंटएफच्या जागी तपासणारे रूप बसते आणि हद्द ओलांडताच प्रोग्रॅम थांबवला जातो. त्यामुळे एक जुनी खोडही उघडी पडली: लक्ष्य आणि %एसचे मूल्य म्हणून एकच ॲरे देऊन मजकूर शेवटी जोडणारे प्रोग्रॅम. तपासणारे रूप लक्ष्य आधी रिकामे करते, म्हणून जुना मजकूर नाहीसा होऊ लागला. प्रमाणाने असे करणे कधीच मान्य केलेले नव्हते. २०१७ च्या जीसीसी ७ पासून कंपायलर मजकुराची कमाल लांबी आधीच मोजून इशारा देतो. ओपनबीएसडीचा लिंकर एसप्रिंटएफ दिसताच टोकतो, आणि ॲपलने २०२२ मध्ये ते आपल्या विकाससंचात कालबाह्य ठरवले.

प्रमाण समितीने २०११ मध्ये गेट्स भाषेतून काढून टाकले, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रमाणात ॲसटाइमवर कालबाह्यतेची खूण केली. एसप्रिंटएफ त्या प्रमाणातही कायम आहे.